‘रंगद्रव्य ट्रॅप म्हणून काम करतं’ हे आपण किती सहज लिहितो

आमच्या विषयातले पेपर वाचायला घेतलेत तर निष्कर्षाच्या आसपास तुम्हाला एक वाक्य हमखास भेटेल. ‘रंगद्रव्याचे रेणू पॉलिमरमध्ये ट्रॅप म्हणून काम करतात, त्यामुळे फिल्ममध्ये साठणारा विद्युतभार वाढतो.’ पॉलिमर बदलतो, रंगद्रव्य बदलतं, पण वाक्य तेच राहतं. मीही ते लिहिलंय, पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी, एका पोस्टरवर, तेही ठळक अक्षरात.

आज मला या वाक्याबद्दल तक्रार करायची आहे. एखाद्या विशिष्ट पेपरचं नाव घेणार नाही, कारण प्रश्न एका पेपरचा नाहीच. ते सिद्ध करण्यासाठी जे मोजावं लागतं ते बहुतेक वेळा मोजलेलंच नसतं, आणि तरीही वाक्य छापलं जातं, एवढंच माझं म्हणणं आहे. तुम्ही भौतिकशास्त्राचे नसलात तरी चालेल, लागेल तेवढं सांगत जाते.

आधी प्रयोग समजून घेऊ

थंडीत तुपाच्या बरणीत चमचा तिरका राहिला आणि तूप गोठलं, की चमचा तसाच तिरका उभा राहतो. बरणी कोमट पाण्यात ठेवली की हळूहळू आडवा होतो. आमचा प्रयोग जवळपास असाच. १९१९च्या सुमारास जपानमध्ये मोतोतारो एगुची यांनी कार्नोबा मेण आणि राळ यांचं मिश्रण वितळवून, विद्युतक्षेत्रात ठेवूनच गोठवलं. क्षेत्र काढल्यावरही त्या वडीच्या दोन बाजूंवर विरुद्ध विद्युतभार टिकून राहिला. अशा पदार्थाला इलेक्ट्रेट म्हणतात. ही काही फक्त प्रयोगशाळेतली गंमत नाही. १९६२मध्ये बेल लॅब्जमध्ये सेसलर आणि वेस्ट यांनी पातळ पॉलिमर फिल्म वापरून इलेक्ट्रेट मायक्रोफोन केला, आणि कोविडमध्ये आपण जे एन-९५ मास्क लावले त्यांच्या आतला थरसुद्धा विद्युतभारित पॉलिप्रॉपिलीनचाच असतो.

आम्ही काय करतो? पीएमएमए, म्हणजे ॲक्रिलिक, क्लोरोफॉर्मसारख्या द्रावकात विरघळवतो, त्यात चिमूटभर रंगद्रव्य घालतो, काचेवर ओततो आणि वाळवतो. साधारण २० मायक्रॉन जाडीची रंगीत फिल्म मिळते. तिच्या दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवतो. मग ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून २०० व्होल्ट लावतो, अर्धा तास थांबतो आणि व्होल्टेज चालू ठेवूनच थंड करतो. तूप गोठलं. आता व्होल्टेज काढायचं, फिल्म इलेक्ट्रोमीटरला जोडायची आणि मिनिटाला ३ अंश या वेगाने तापवायची. आत अडकलेलं सुटायला लागलं की पिकोअँपिअरमध्ये प्रवाह येतो, वाढतो, एका तापमानाला शिखर गाठतो आणि उतरतो. या शिखराला आम्ही पीक म्हणतो आणि या पद्धतीला टीएसडीसी.

आता मुद्दा. आत ‘अडकलेलं’ नेमकं काय होतं? दोन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक, डायपोल. रेणूचा एक भाग थोडा धन, दुसरा थोडा ऋण. असे रेणू किंवा साखळीच्या बाजूचे गट क्षेत्राच्या दिशेने वळतात आणि वळलेलेच गोठतात. दुसरं, खरा विद्युतभार. इलेक्ट्रोडमधून आत शिरलेले इलेक्ट्रॉन किंवा फिल्ममधले आयन, जे चालत जाऊन कुठेतरी अडकतात. पहिल्यात कोणी जागा सोडत नाही, नुसतं वळतं. दुसऱ्यात प्रवास होतो. पण फिल्म तापवल्यावर दोन्हींमुळे येतं ते एकसारखंच दिसणारं पीक! पीकवर ‘मी डायपोल’ किंवा ‘मी ट्रॅप’ असं लिहिलेलं नसतं. ते आपण लिहितो.

क्रिस्टलची पद्धत पॉलिमरला

पीक मिळालं की लगेच ॲक्टिव्हेशन एनर्जी काढायची असा रिवाज आहे. सगळ्यात लाडकी पद्धत म्हणजे इनिशियल राइज. पीकच्या चढणीचा सुरुवातीचा भाग घ्यायचा, प्रवाहाचा लॉग आणि तापमानाचा व्यस्त यांचा आलेख काढायचा, सरळ रेषेचा उतार मोजायचा. झाली ऊर्जा. ही पद्धत गार्लिक आणि गिब्सन यांनी १९४८मध्ये चमकणाऱ्या फॉस्फर पदार्थांसाठी मांडली. टीएसडीसीचं आजचं गणित १९६४मध्ये बुच्ची आणि फिएस्की यांनी आयनिक क्रिस्टलसाठी केलं. अशा क्रिस्टलमध्ये परका आयन आणि त्याच्या शेजारची रिकामी जागा मिळून एक डायपोल होतो आणि असे सगळे डायपोल एकमेकांसारखे असतात, एकाच वेगाने सुटतात. तिथे एक पीक, एक ऊर्जा हे बरोबर आहे.

पॉलिमरमध्ये तसं नसतं. प्रत्येक डायपोलच्या आजूबाजूची साखळी वेगळी मुरडलेली, कुणाला जागा जास्त, कुणाला कमी. सुटण्याचे वेग पसरलेले असतात. चढणीच्या सुरुवातीला फक्त सगळ्यात लवकर सुटणारे बाहेर पडतात, म्हणून उतारावरून निघणारी ऊर्जा कमी येते. हे गुपित नाही. व्हान टुर्नहाउट यांचं पॉलिमर इलेक्ट्रेटवरचं पुस्तक १९७५चं आहे आणि वेगांच्या या पसाऱ्याचा विचार त्यात सविस्तर केलेला आहे. आपण पद्धत घेतली, अट घ्यायची राहून गेली.

याची शहानिशा करायला नवा प्रयोगही लागत नाही, कॅल्क्युलेटर पुरतो. समजा एका पेपरात पीक १०० अंशाला आहे, तापवण्याचा वेग मिनिटाला ३ अंश, आणि इनिशियल राइजने ऊर्जा आली ०.३५ इलेक्ट्रॉन व्होल्ट. पीकच्या तापमानाला सुटण्याचा काळ काढायचं सूत्र सोपं आहे. केल्व्हिनमधल्या तापमानाचा वर्ग गुणिले बोल्ट्झमन स्थिरांक, भागिले तापवण्याचा वेग गुणिले ऊर्जा. उत्तर येतं साधारण ६८५ सेकंद. आता त्यावरून मूळ काळ काढा, म्हणजे रेणू एकदा सुटायचा प्रयत्न करायला किती वेळ घेतो ते. उत्तर येतं सुमारे १३ मिलिसेकंद.

जरा थांबून विचार करा. रेणूंची कंपनं साधारण एका सेकंदाच्या दहा लाख कोटीव्या भागात होतात. आणि आपला रेणू सेकंदाला जेमतेम ७०-८० प्रयत्न करतोय? इतका आळशी रेणू नसतो. उलट बाजूने गेलात, म्हणजे प्रयत्नाचा वेग कंपनाइतका धरलात, तर १०० अंशाच्या पीकसाठी ऊर्जा १.१ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास यायला हवी. म्हणजे छापलेला आकडा तिपटीने चुकलेला असू शकतो, आणि तो चुकलाय हे त्याच पेपरातल्या आकड्यांवरून कळतं.

‘आकडा थोडा इकडे-तिकडे, त्याने काय बिघडतं?’ असं कोणी म्हणेल. बिघडतं. ०.३५ आणि १३ मिलिसेकंद घेऊन २७ अंशाला भार किती टिकेल ते काढलं तर पावणेतीन तासांच्या आसपास येतं. १.१ घेऊन काढलं तर दहा दिवसांच्या वर. फिल्म मायक्रोफोनमध्ये घालायची की फेकून द्यायची, एवढा हा फरक आहे. बरं, खरं काय ते तपासणंही अवघड नाही. भारित फिल्म एक दिवस तशीच ठेवा, मग टीएसडीसी करा. पीक शिल्लक असेल तर पावणेतीन तासांची गोष्ट खोटी. हा एक दिवस कोणी थांबल्याचं मला फारसं वाचायला मिळालेलं नाही.

आणखी एक गोष्ट. पीएमएमएचं काचसंक्रमण तापमान १०५ अंशांच्या आसपास असतं. तिथे साखळ्या एकदम मोकळ्या हलायला लागतात. त्या भागात एका ऊर्जेचा साधा नियम लागूच पडत नाही. आणि रंगद्रव्याचा छोटा रेणू साखळ्यांमध्ये घुसला की बऱ्याचदा हे तापमान खाली आणतो. अशा वेळी पीक सरकलं तर ट्रॅपची खोली बदलली म्हणायचं, की पॉलिमर मऊ झाला म्हणायचं? डीएससी करून काचसंक्रमण मोजलं तर उत्तर मिळतं. न मोजता फक्त पहिलं उत्तर छापायचं, याला माझा आक्षेप आहे.

बाटलीवरचं लेबल वाचा

या कामांत सर्रास वापरली जाणारी रंगद्रव्यं म्हणजे मॅलेकाइट ग्रीन, क्रिस्टल व्हायोलेट, ऱ्होडामाइन. स्वस्त, सहज मिळणारी, रंग सुंदर. पण ही तिन्ही क्षार आहेत! बाटलीवर क्लोराइड किंवा ऑक्झॅलेट लिहिलेलं असतं. म्हणजे फिल्ममध्ये आपण धन रंगीत आयन घालतो तेव्हा त्याच्याबरोबर तितकेच ऋण आयनही घालतो. ९० अंशाला, अर्धा तास, मीटरला एक कोटी व्होल्टच्या क्षेत्रात हे आयन निमूट बसतील असं का मानायचं? ते सरकतील, इलेक्ट्रोडजवळ गोळा होतील आणि तापवल्यावर परत येतील. पीक मोठं होईल. रंगद्रव्य वाढवलं की पीक वाढेल. हा सगळा पुरावा ‘रंगद्रव्य इलेक्ट्रॉन ट्रॅप करतं’ याच्या बाजूने वाचला जातो, पण आयनांच्या बाजूनेही तो तितकाच चांगला वाचता येतो.

याच्यावर उपाय आहे. क्षार नसलेलं रंगद्रव्य घेऊन तुलना करा, उदाहरणार्थ डिस्पर्स रेड १. किंवा मॅलेकाइट ग्रीनच्या जागी रंगहीन क्षार तेवढाच घालून बघा. पीक तरीही वाढलं तर रंगाचा संबंध नाही, मिठाचा आहे.

डिस्पर्स रेडचं नाव निघालंच आहे तर डायपोलचा हिशेबही करून टाकू. याच्या रेणूचा डायपोल मोमेंट मोठा, ८ डेबायच्या आसपास. पीएमएमएमध्ये वजनाने १ टक्का घातलं तर एका घन सेंटिमीटरमध्ये सुमारे २ च्या पुढे १९ शून्यं इतके रेणू होतात. वर सांगितलेल्या क्षेत्रात ते सगळे वळले तर मिळणारा भार चौरस सेंटिमीटरला साधारण १ नॅनोकूलॉम. रेणूच्या जागी क्षेत्र थोडं जास्त असतं म्हणून हवं तर काही पट धरा. आता पीकखालचं क्षेत्रफळ मोजा. ते शंभर नॅनोकूलॉम आलं तर हे रंगद्रव्याच्या डायपोलचं काम नाही, दुसरं कोणीतरी आत आहे. पीकचं क्षेत्रफळ हा टीएसडीसीमधला सगळ्यात भरवशाचा आकडा, आणि पेपरात तोच बऱ्याचदा नसतो.

डायइलेक्ट्रिकच्या आलेखातही तेच

हीच फिल्म आम्ही एलसीआर मीटरवरही लावतो आणि वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला डायइलेक्ट्रिक लॉस मोजतो. कमी फ्रिक्वेन्सीकडे लॉस भराभर चढतो. फ्रिक्वेन्सी दहापट कमी केल्यावर लॉस दहापट वाढत असेल तर ती बहुतेक साधी वाहकता असते, आयन चालतायत. पण तोच डेटा इलेक्ट्रिक मॉड्युलसच्या रूपात मांडला की या वाहकतेचं छान गोल पीक होतं. मॅसेडो, मोयनिहान आणि बोस यांनी १९७२मध्ये ही मांडणी आयन वाहणाऱ्या काचांसाठी वापरली, म्हणजे मुळात वाहकतेचाच अभ्यास करायला. आता पेपरात त्या पीकला ‘डायपोलर रिलॅक्सेशन’ असं नाव मिळतं. दोन्ही आलेख शेजारी छापले असते तर वाचकाला स्वतः ठरवता आलं असतं.

भार उतरतो तेव्हा

दुसरी पद्धत म्हणजे कोरोना डिस्चार्जने फिल्मच्या पृष्ठभागावर भार शिंपडायचा आणि पृष्ठभागाचं व्होल्टेज तासन्‌तास मोजत बसायचं. उतरता आलेख मिळतो. त्यावर स्ट्रेच्ड एक्स्पोनेन्शियल बसवतात. हे सूत्र १८५४मध्ये रुडॉल्फ कोलराउश यांनी लायडन जारमधल्या उरलेल्या भारासाठी वापरलं होतं, इतकं जुनं आहे. अडचण अशी की त्यात एक जास्तीचा घातांक असतो आणि तो ० ते १ मध्ये हलवला की जवळजवळ कुठलाही सावकाश उतरणारा आलेख त्यावर बसतो. बसला म्हणून कारण कळलं असं होत नाही. ‘घातांक ०.६ आला, म्हणजे ट्रॅपचं वितरण आहे’ हे वाक्य वाचलं की मला प्रश्न पडतो, कुठल्या निकालाने तुम्ही वितरण नाही असं म्हटलं असतं?

इथे एक सुंदर जुना प्रयोग आहे. १९६७मध्ये इएदा, सावा आणि शिनोहारा यांनी पॉलिएथिलीनवर वेगवेगळ्या सुरुवातीच्या व्होल्टेजने भार टाकला आणि उतार मोजले. जास्त व्होल्टेजपासून सुरू झालेला आलेख इतका भराभर खाली आला की कमी व्होल्टेजवाल्याला छेदून त्याच्याही खाली गेला. नुसता साधा गळतीचा मामला असता तर आलेख एकमेकांना छेदलेच नसते. एका व्होल्टेजवर मोजून हे कधीच दिसलं नसतं. म्हणून किमान तीन सुरुवातीच्या व्होल्टेजांवर मोजा, ही मागणी जास्त नाही. वेळ लागतो, हे मान्य.

माझं पोस्टर

आता त्या पोस्टरकडे येते. माझ्याकडे साध्या पीएमएमएच्या फिल्म होत्या आणि मॅलेकाइट ग्रीन घातलेल्या होत्या. रंगीत फिल्ममध्ये ७० अंशांच्या आसपास एक जास्तीचं पीक होतं, साध्यात नव्हतं. मी लिहून टाकलं, रंगद्रव्याचे ट्रॅप. पोस्टरपुढे थांबलेल्या एका वयस्कर सरांनी एकच प्रश्न विचारला, ‘दोन्ही फिल्म एकाच दिवशी ओतल्या होत्या का गं?’

नव्हत्या. साध्या फिल्म दोन महिने आधीच्या, ड्रॉवरमध्ये पडलेल्या. रंगीत आठवडाभरापूर्वीच्या. पापड वरून वाळलेला दिसतो पण आत ओल असते, तसं ओतलेल्या फिल्मचं होतं. वरचा थर घट्ट होतो आणि आतला द्रावक अडकतो. मी परत आले, दोन्ही प्रकार एकाच दिवशी ओतले, दोन्ही एकत्र व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ६० अंशाला ४८ तास ठेवले. ते ७० अंशांचं पीक जवळजवळ गेलं. आणि घाईघाईत वाळवलेल्या साध्या फिल्ममध्ये ते दिसायला लागलं. माझा ‘ट्रॅप’ म्हणजे बहुतांश उरलेला क्लोरोफॉर्म होता.

तेव्हा वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. मॅडमना सांगायला दोन दिवस लावले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘मग हाच चॅप्टर लिही.’ सध्या तोच लिहितेय.

मग चांगलं काम कसं असतं?

असं काम करणाऱ्यांना नावं ठेवायचा हेतू नाही. एक इलेक्ट्रोमीटर, एक ओव्हन, एक व्हॅक्यूम कोटिंग युनिट एवढ्यावर हा विषय चालतो, म्हणून तर आपल्याकडच्या साध्या विभागांनाही तो परवडतो. ही त्याची चांगली बाजू आहे. आणि मी वर मागितलेल्या बहुतेक गोष्टींना नवं यंत्र लागत नाही. क्षेत्र तीन-चार ठिकाणी बदला. डायपोल असतील तर पीकचं क्षेत्रफळ क्षेत्राच्या प्रमाणात वाढतं आणि पीक जागचं हलत नाही. जाडी बदला. क्षेत्र तेच ठेवलं तर डायपोलचा भार जाडीवर अवलंबून राहत नाही. ॲल्युमिनियमच्या जागी चांदी किंवा सोनं लावून बघा. पीक बदललं तर इलेक्ट्रोडमधून काहीतरी आत येतंय. यातली एकेक चाचणी अपुरी आहे, कमी क्षेत्राला आयनही प्रमाणातच वागू शकतात. पण तीन-चार एकत्र आल्या की पळवाटा कमी होतात. आणि साधी फिल्म त्याच दिवशी ओतलेली हवी, हे मी आता कुणालाही दोनदा सांगते.

अडचण वेळेची आहे. फेलोशिप संपत येते, पेपरची अट असते, आणि एका पीकवर एक पेपर होतो. सहा चाचण्या करून ‘हे ट्रॅप नाहीत’ असं निघालं तर तो कुठे छापायचा, हा प्रश्न मलाही आहे. पण पुढचा विद्यार्थी आपलाच पेपर वाचून, आपलीच ऊर्जा घेऊन त्यावर फिल्म बनवतो. ती दहा दिवस टिकेल म्हणून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी भार गेलेला असतो. तो स्वतःच्या हाताला दोष देतो. मी पहिल्या वर्षी चार महिने हेच करत होते.

म्हणून तुम्ही या विषयातले असाल तर एक विनंती. पुढचा पेपर वाचताना ऊर्जा आणि पीकचं तापमान घ्या आणि मूळ काळ काढून बघा. दहा मिनिटांचं काम आहे. आकडा मिलिसेकंदात आला तर त्या पेपरातलं ट्रॅपचं वाक्य पेन्सिलीने खोडून शेजारी प्रश्नचिन्ह टाका. माझ्या पोस्टरच्या प्रतीवर मी टाकलंय, ती टेबलासमोरच लावलेली आहे.